व्हेपच्या गोंधळात पडण्याआधी: मेडिकलमध्ये मिळणाऱ्या 2 मिलिग्रॅम निकोटिन गमचा आढावा

सिगारेट सोडून व्हेपकडे, म्हणजे ई-सिगारेटकडे, वळायचं ठरवलं की पहिली रात्र यूट्यूबवर जाते. पॉड, कॉइल, ओहम, पीजी-व्हीजी, सॉल्ट निकोटिन, 20 मिलिग्रॅम की जास्त... तासाभरात डोकं भणभणायला लागतं आणि माणूस उठून परत टपरीवर जातो. यात त्याचा दोष नाही, ते यंत्रच किचकट आहे. निकोटिनचा द्रव भरल्यावर कॉइलमधला, म्हणजे तो द्रव तापवणाऱ्या तारेतला, कापूस भिजायला पाच-दहा मिनिटं द्यावी लागतात. घाई केली तर पहिल्याच झुरक्याला कापूस करपतो आणि घसा धरतो. सिगारेटच्या सवयीनं जोरात ओढलं तर द्रव थेट तोंडात येतो. निकोटिन कमी पडलं तर तलफ भागत नाही, जास्त झालं तर मळमळतं. नेमकं काय चुकलं हे नवख्या माणसाला कळतच नाही.

शिवाय हे सगळं शिकून घेतलं तरी कोल्हापुरात त्याचा उपयोग नाही. ब्रिटनमध्ये व्हेप कायदेशीर आहे. तिथं निकोटिनला दर मिलिलिटरला 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि टाकी 2 मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही. सिगारेट सोडायला निकोटिनवाला व्हेप गमपेक्षा जास्त लोकांना उपयोगी पडतो, हे चाचण्यांतून दिसलेलं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. पण आपल्याकडे 2019 च्या कायद्यानं ई-सिगारेटची निर्मिती, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात, सगळ्यावरच बंदी आली. विकताना पहिल्यांदा सापडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यामुळे ओळखीतून गुपचूप जो पॉड हातात येतो, त्यात निकोटिन किती आणि बाकी काय आहे, याची हमी द्यायला कुणीही नसतं. तलफ भागवायला तो माल घेऊ नका, असं आम्ही स्पष्ट सांगतो.

राहतो तो निकोटिन गम. महाद्वार रोड असो, राजारामपुरी असो नाहीतर शाहूपुरी, मेडिकलमध्ये 'निकोटेक्स द्या' म्हटलं की दुकानदाराला कळतं. इतर कंपन्यांचेही मिळतात, औषध तेच. 2 मिलिग्रॅमचा गम चिठ्ठीशिवाय मिळतो, 4 मिलिग्रॅमला डॉक्टरची चिठ्ठी लागते. इथं ठरवायच्या गोष्टी तीनच: ताकद किती, दिवसाला किती आणि चघळायचा कसा. पहिल्या दोन सोप्या आहेत. लोक चुकतात ते तिसऱ्या गोष्टीत, आणि 'गम खाऊन बघितला, काय फरक पडला नाही' असं म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो साध्या च्युइंगगमसारखा चावलेला असतो.

गम तोंडात टाकला की सावकाश चावायचा. आधी पुदिना लागतो. दहा-पंधरा वेळा चावून झाल्यावर जिभेच्या कडेला मिऱ्यासारखी चुरचुर सुरू होते, हिरडीला मुंग्या येतात. ती चुरचुर आली की चावणं तिथंच थांबवायचं. आता गम गाल आणि हिरडीच्या मधे सरकवून ठेवायचा, तंबाखूचा बार धरतात तसा. साधारण मिनिटभरात चुरचुर विरते. मग पुन्हा चार-पाचदा चावायचा आणि या वेळी दुसऱ्या गालात ठेवायचा. असं अर्धा तास चालतं. चावूनही चुरचुर येईनाशी झाली की गम संपला.

यामागचं कारण समजलं की पद्धत विसरत नाही. गममधलं निकोटिन एका रेझिनला, म्हणजे राळेसारख्या पदार्थाला, बांधलेलं असतं आणि चावलं की थोडं थोडं सुटतं. ते गालाच्या आतल्या नाजूक कातडीतून रक्तात जायला हवं. भराभर चावलं तर एकदम सुटतं, लाळेबरोबर पोटात जातं आणि तिथं उचकी, छातीत जळजळ, मळमळ एवढंच पदरात पडतं. पोटातून गेलेलं बरंचसं निकोटिन यकृतातच मोडतं, म्हणून तलफही भागत नाही. उचकी लागली तर औषधाला दोष देण्याआधी चावण्याचा वेग कमी करून बघा.

दुसरी चूक खास आपल्या खाण्यापिण्यातली आहे. निकोटिन गालातून शोषलं जायला तोंड किंचित अल्कधर्मी लागतं, त्यासाठी गममध्ये सोड्यासारखे क्षार घातलेले असतात. आंबट काही खाल्लं-प्यालं की तोंडातली ती अवस्था बिघडते. म्हणजे लिंबू पिळून मिसळ हाणली, वर ताक घेतलं आणि लगेच गम तोंडात टाकला, तर तो जवळजवळ वाया गेला. सोलकढी, लिंबू सोडा, कोल्ड्रिंक, कॉफी, फळांचा रस यांचंही तसंच. नियम असा की गमच्या आधी 15 मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत साध्या पाण्याशिवाय काही नको. खाऊन झाल्यावर खळखळून चूळ भरा, पाव तास जाऊ द्या, मग गम.

इथंच चहाचा प्रश्न येतो, कारण चहा आणि सिगारेट ही जोडी सगळ्यात चिवट. सिगारेटचं निकोटिन मेंदूत पोचायला दहा-वीस सेकंद लागतात, गमचा पूर्ण परिणाम यायला वीस-तीस मिनिटं. तलफ उसळल्यावर गम तोंडात टाकला तर तो उशिराच पोचणार. शिरोलीच्या एमआयडीसीत अकराला चहाची सुट्टी होत असेल तर साडेदहाला गम घ्या. तो संपता संपता चहा येतो आणि तोवर रक्तात निकोटिन असतं. आमच्या मते सगळ्या पद्धतीत सर्वांत कामाची गोष्ट ही वेळ साधणं आहे.

ताकदीचं बघायचं तर सकाळी उठल्यापासून पहिली सिगारेट किती वेळानं पेटते ते पाहा. अर्ध्या तासाच्या आत पेटत असेल तर 2 मिलिग्रॅम तुम्हाला कमी पडणार. मग सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत किंवा आपल्या डॉक्टरकडे जाऊन 4 मिलिग्रॅमबद्दल विचारा. पहिली सिगारेट त्यानंतर असेल तर 2 पुरेसा. 2 मिलिग्रॅमच्या गममधून प्रत्यक्षात साधारण निम्मंच निकोटिन अंगात जातं, त्यामुळे 'एक गम म्हणजे दोन सिगारेटी' असले हिशेब मांडू नका.

किती घ्यायचे? पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक. सातवा ते नववा आठवडा दर दोन-चार तासांनी, दहावा ते बारावा दर चार-आठ तासांनी. सुरुवातीच्या सहा आठवड्यांत दिवसाला निदान 9, आणि कधीही 24 च्या वर नाही. दिवसाला दोन-तीन गम खाऊन सोडून देणारे खूप असतात. एका गमची किंमत साधारण एका सिगारेटच्या आसपास पडते, म्हणून हात आखडता घेतला जातो. पण सुरुवातीला कमी घेतलेला गम म्हणजे चौथ्या दिवशी परत पेटलेली सिगारेट. सोडल्यानंतरचे दोन-तीन दिवस सगळ्यात कठीण असतात, तेव्हा काटकसर करू नये.

चवीचं म्हणाल तर पुदिना घ्या. पान स्वादाचा गम तोंडाला बरा लागतो, पण त्या नादात माणूस चावतच राहतो आणि गालात ठेवायचं विसरतो.

गमच्या उणिवाही आहेत. हाताला आणि ओठांना जी सवय लागलेली असते, तिच्यावर याच्याकडे काही उपाय नाही. व्हेप इथं उजवा ठरतो, हे मान्य करावं लागेल. कवळी असेल तर गम दाताला चिकटतो आणि जबडाही दुखतो. कवळीवाल्यांनी 2 मिलिग्रॅमच्या लॉझेंजेस, म्हणजे चोखायच्या गोळ्या, घ्याव्यात, त्या चावायच्या नाहीत, गालात विरघळू द्यायच्या. दिवसाला दहापेक्षा जास्त सिगारेटी असतील तर नुसत्या गमवर अवलंबून राहू नका. कातडीवर चिकटवायची 21 मिलिग्रॅमची निकोटिन पट्टी दिवसभराचा आधार देते आणि वर अचानक आलेली तलफ गम भागवतो. नुसत्या गमपेक्षा ही जोडी जास्त चालते, असं कोक्रेन या वैद्यकीय चाचण्या तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात ठामपणे दिसलेलं आहे. दोन्ही एकत्र घेण्याआधी मात्र डॉक्टरशी बोला. पट्टी रोज नव्या जागी लावायची. रात्री विचित्र स्वप्नं पडली तर झोपताना काढून ठेवायची.

चहा-कॉफी जवळपास निम्मी करा, ही गोष्ट फार कमी लोक सांगतात. सिगारेटचा धूर यकृताला कॅफीन लवकर मोडायला लावतो. सिगारेट थांबली की तेवढ्याच चहानं अंगात कॅफीन जास्त वेळ राहतं. मग हात थरथरतात, झोप उडते आणि खापर गमवर फुटतं. याच कारणानं दम्यासाठी थिओफिलिन किंवा मानसिक आजारासाठी क्लोझापीन, ओलान्झापीन चालू असेल तर सिगारेट थांबवण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण त्या औषधांचा डोस बदलावा लागू शकतो. गरोदर बायका, नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेले, हृदयाचे ठोके अनियमित असलेले आणि 18 वर्षांखालची मुलं यांनी दुकानातून परस्पर गम घेऊ नये.

चघळून झालेल्या गममध्येही निकोटिन उरतं. कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात टाका, लहान मुलांच्या आणि कुत्र्याच्या हाती लागू देऊ नका. आणि पद्धत चुकतेय असं वाटलं तर सिगारेटच्या पाकिटावर छापलेला 1800-11-2356 हा नंबर फिरवा. फोन फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. बोलताना तीन गोष्टी तयार ठेवा: दिवसाला किती सिगारेटी, सकाळची पहिली किती वाजता, आणि आत्तापर्यंत किती गम घेतले.