पोलर एच१० छातीचा पट्टा: सहा महिने वापरून
घेऊन सहा महिने झाले, रोज वापरतोय, म्हणून आता लिहितो. मला पट्टा हवा होता तो एकाच गोष्टीसाठी, व्यायाम थांबवल्यावर पहिल्या मिनिटात हृदयाचे ठोके किती उतरतात ते बघायला. आधी मनगटावरचं एक घड्याळ होतं, त्यात नेमकं हेच जमायचं नाही, मी थांबून अर्धं मिनिट झालं तरी ते आपलं मागचाच आकडा दाखवत बसायचं आणि स्क्वॉट्सला बार घट्ट धरला की काहीच्या काही आकडे. हा पट्टा हृदयाचे विजेचे सिग्नल पकडतो त्यामुळे ठोका बदलला की लगेच दिसतं.

आता माझे आकडे. पर्वतीच्या पायऱ्या न थांबता चढून वर पोचलो की १५८, वर हळूहळू चालत राहिलो की मिनिटभरात १३१. स्क्वॉट्सच्या सेटनंतर १४१ वरून १०४, धाडकन खाली. पण स्प्रिंट मारले त्या दिवशी १७२ वरून मिनिटात १४९ आणि दहा मिनिटांनी सुद्धा शंभरच्या वरच, घरी येऊन चहा टाकला तरी छातीत धडधड जाणवत होती. पहिलं भीती वाटली, मग वाचलं तेव्हा कळलं की पहिल्या मिनिटातली उतरण मुख्यतः व्हेगस नर्व्ह, म्हणजे हृदयाचा वेग कमी करणारी नस, परत कामाला लागल्याची असते आणि जोर जितका जास्त तितकं अ‍ॅड्रिनॅलिन वगैरे निवळायला वेळ लागतो. वजनांचं मात्र फसवं आहे हं, ठोके पटकन उतरतात म्हणून हलकं समजू नका, जड वजन श्वास रोखून उचललं की त्या क्षणाला बीपी प्रचंड चढतं आणि ते या पट्ट्यात दिसत नाही.

आणि धावून झाल्यावर एकदम उभं राहू नका. पोटऱ्या हलत असतात तोवर रक्त वर ढकललं जातं, थांबलं की पायातच साचतं, मला एकदा गरगरून कठडा धरावा लागलेला.

१९९९ साली क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी २,४२८ लोकांचा अभ्यास छापला होता, ट्रेडमिल टेस्टनंतर पहिल्या मिनिटात ज्यांचे ठोके १२ किंवा त्याहून कमी उतरले त्यांच्यात पुढच्या सहा वर्षांत मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त निघालं. म्हणून मी बाबांना पण लावून बघितला, ते बीटा ब्लॉकर म्हणजे ठोके हळू ठेवणारी गोळी घेतात, ठोके मुळात फारसे वर जातच नाहीत, तर त्यांचा आकडा माझ्याशी लावायचा नाही, डॉक्टरांनाच दाखवला.

वापरायचं म्हणाल तर पट्ट्याच्या आतले काळे भाग पाण्याने ओले करूनच बांधा, कोरडा बांधलात तर पहिली पाच मिनिटं आकडे उड्या मारतात. झाल्यावर पुढचा सेन्सर पट्ट्यापासून सोडवून ठेवा नाहीतर सीआर२०२५ सेल उगाच उतरतो. पट्टा लगेच धुवा, मी दोन दिवस बॅगेत विसरलो होतो, वास जायला आठवडा गेला. स्क्रीन नाही, आकडे बघायला फोन किंवा जोडता येणारं घड्याळ लागतंच, आणि उन्हाळ्यात छातीखाली खाज येते, मे महिन्यात तर लाल वळ उठला होता. स्वस्त पण नाही. तरी हरवला तर त्याच दिवशी दुसरा मागवीन, बाबा तर आता फिरून आले की स्वतःच विचारतात, आज किती उतरले रे?