बेसबॉल रेफरन्स: एकाच सामन्याच्या पिचरलाही स्वतःचं पान

पार्क मैदानावर क्लबच्या सामन्यांना मी स्कोअरर म्हणून बसतो. बेसबॉलचा सोलापुरात कुणाला गंध नाही, तरी स्कोअरबुकावर जीव असणाऱ्यानं बेसबॉल रेफरन्स ही आकडेवारीची वेबसाईट बघाच. फुकट आहे, खातं काढावं लागत नाही.

बर्ट शेपर्ड हे नाव शोधा. डावखुरा पिचर, म्हणजे आपला गोलंदाज. मेजर लीगची, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगची, सगळी कारकीर्द एका ओळीत: सामना 1, इनिंग 5.1, हिट (फटका मारून बेस गाठणं) 3, रन 1, वॉक (चार वाईड चेंडूंवर फलंदाजाला मिळणारा फुकटचा बेस) 1, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) 2, ईआरए 1.69. हे 5.1 आपल्या षटकांसारखंच वाचायचं, फक्त पॉइंटनंतरचा 1 म्हणजे इनिंगच्या तीन गड्यांपैकी एक. ईआरए म्हणजे दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडणारे रन.

आता त्या दिवसाचं स्कोअरकार्ड उघडा, 4 ऑगस्ट 1945. बोस्टन 15, वॉशिंग्टन 4. बोस्टननं एकट्या चौथ्या इनिंगमध्येच 12 रन कुटले. त्या माराच्या मधोमध वॉशिंग्टननं जो क्लिअरीला आणलं. त्यानं एकच गडी बाद केला आणि 7 रन दिले. ईआरए 189.00! त्याला काढून शेपर्डला चेंडू दिला तेव्हा तिन्ही बेसवर बोस्टनचे धावपटू उभे होते. त्यानं जॉर्ज मेटकोविचला स्ट्राइकआउट केलं आणि सामना शेवटपर्यंत टाकला. क्लिअरीचाही मेजर लीगमधला तो एकमेव सामना. एकाच दिवशी, एकाच संघाकडून, एकामागोमाग एक आलेले हे दोघे. कुठल्याही स्कोअररचा हात थबकेल.

आकड्यांच्या ओळीत एक गोष्ट मावत नाही. शेपर्डचा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हताच, कृत्रिम बसवलेला होता. तो लढाऊ वैमानिक. मे 1944 मध्ये जर्मनीत त्याचं विमान पाडलं गेलं. जर्मन बाजूच्या लाडिस्लाउस लॉइडल या ऑस्ट्रियन डॉक्टरनं त्याला वाचवलं, पाय मात्र कापावा लागला. डॉ. कोटणीसांच्या गावात अशा डॉक्टरबद्दल जास्त सांगायला नको. युद्धकैद्यांच्या छावणीत एका कॅनेडियन कैद्यानं त्याला कृत्रिम पाय करून दिला.

वॉशिंग्टन त्या वर्षी जेतेपदाच्या शर्यतीत होतं, डेट्रॉइटच्या दीड सामना मागं राहिलं. पण 1.69 वाल्याला मेजर लीगमध्ये परत चेंडू मिळाला नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

तक्ते रुंद आहेत, मोबाईल आडवा धरा. आणि आधी क्लिअरीचं पान उघडा, मग शेपर्डचं.