नाशिकमध्ये स्टार्टअपचे हिशोब कोणाकडे द्यावेत?

कॉलेज रोड, कॅनडा कॉर्नर, शरणपूर रोड या पट्ट्यात सीएंच्या पाट्या भरपूर. तरी नव्या प्रायव्हेट लिमिटेडने दोन वेगळी माणसं घ्यावीत असंच आम्ही सांगू: हिशोब लिहायला पार्ट टाइम अकाउंटंट आणि ऑडिटला स्वतंत्र सीए. "सगळं आमच्याकडेच होईल" हे सोयीचं वाटतं, पण कंपनी कायद्याच्या कलम १४४ प्रमाणे ऑडिटरला त्याच कंपनीचे हिशोब लिहिता येत नाहीत.

ऑनलाइन पॅकेज कंपनीच्या नोंदणीपुरतं ठीक. फक्त आयएनसी-२०ए (व्यवसाय सुरू करत असल्याचं जाहीर करणारा फॉर्म) त्यात धरलाय का, ते आधी विचारा. भागभांडवल बँकेत जमा करून तो नोंदणीपासून १८० दिवसांत भरावा लागतो. राहिला तर कंपनीला ५०,००० रुपये दंड आहे, संचालकांचा वेगळा.

अकाउंटंटची फी ठरवताना महिन्याच्या बँक एन्ट्री आणि विक्रीची बिलं किती, हा आकडा सांगूनच भाव घ्या. जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न), ३बी (कर भरण्याचं रिटर्न), टीडीएस रिटर्न, आरओसी (कंपनी निबंधकाकडचे फॉर्म) यातलं काय धरलंय ते लिहून घ्या. आरओसी हमखास विसरलं जातं. एओसी-४ (वार्षिक हिशोब) आणि एमजीटी-७ए (छोट्या कंपनीचं वार्षिक विवरण) उशिरा गेले की प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये चढतात.

खरी गडबड तारखांत होते. टीडीएसचं चलन ७ तारखेला, मासिक जीएसटीआर-१ ११ तारखेला, ३बी २० तारखेला. खरेदीची बिलं ५ तारखेपर्यंत अकाउंटंटच्या हातात हवीत, म्हणजे १४ तारखेला २बी (सप्लायरच्या रिटर्नवरून पोर्टलवर बनणारी खरेदीच्या क्रेडिटची यादी) आला की लगेच जुळवणी होते. सातपूर-अंबडच्या सप्लायरने रिटर्न भरलं नसेल तर खरेदीवरच्या जीएसटीचं क्रेडिट २बीमध्ये दिसत नाही आणि तेवढा कर खिशातून भरावा लागतो. अशा वेळी सप्लायरला फोन करणारा अकाउंटंट दोन पैसे जास्त मागत असला तरी घ्या. नुसतं रिटर्न भरून मोकळा होणारा शेवटी महागात पडतो.

जीएसटी पोर्टलवर मोबाइल आणि ईमेल तुमचाच असू द्या. तिथे सल्लागाराचा नंबर असेल तर माणूस बदलताना प्रत्येक ओटीपीसाठी त्याच्या मागे फिरावं लागतं. डिजिटल सिग्नेचरचं टोकन स्वतःच्या कपाटात ठेवा, टॅलीचा बॅकअप दर महिन्याला मागून घ्या. एडिट लॉग (हिशोबात कधी काय बदललं याची आपोआप राहणारी नोंद) चालू आहे ना, तेही बघा. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना तो सक्तीचा आहे. आणि सीएने सही केलेल्या कागदावरचा १८ अंकी यूडीआयएन (त्या कागदाचा ओळख क्रमांक) आयसीएआय या सीएंच्या संस्थेच्या यूडीआयएन पोर्टलवर टाकून तपासा, दोन मिनिटांचं काम आहे.