दोन पासपोर्टवाल्यांकडून उकळली जाणारी ‘मंजुरी फी’

भारताचा व्हिसा काढताना ‘दुहेरी नागरिकत्व मंजुरी’ नावाची कुठलीही फी भरावी लागत नाही. हे सुरुवातीलाच सांगते, कारण याच नावाखाली आमच्याकडून माणशी १८० पौंड घेतले गेले आणि इंग्लंडमधल्या स्विंडनच्या गोंयकार घरांत असे फोन अजूनही येताहेत.

आम्ही मूळचे गोव्यातल्या डिचोलीचे. माझ्या आणि यजमानांच्या, दोघांच्याही वडिलांचा जन्म १९ डिसेंबर १९६१ च्या आधीचा, पोर्तुगीज राजवटीतला. त्या हक्काने लिस्बनला जन्मनोंदणी करून आम्ही पोर्तुगीज झालो, इंग्लंडला आलो आणि पुढे ब्रिटिश नागरिकत्वही घेतलं. पोर्तुगाल आणि ब्रिटन, दोघांनाही हे चालतं. भारताला चालत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. आमचे भारतीय पासपोर्ट रीतसर जमा केलेले होते, सरेंडर सर्टिफिकेटं कपाटात होती. ओसीआय, म्हणजे मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं कार्ड, मात्र काढायचं राहिलं होतं. म्हणून चवथीला घरी जायचं तर ई-व्हिसा हवा होता.

एका ओळखीच्या बाईंकडून व्हिसा काढून देणाऱ्या एका एजंटाचा नंबर मिळाला. पलीकडचा माणूस कोंकणीत बोलायचा, मला ‘ताई’ आणि यजमानांना ‘भाऊ’ म्हणायचा. त्याची वेबसाइट होती, तिच्यावर ताजमहाल, तिरंगा, सगळं सरकारी थाटाचं. दोन्ही पासपोर्टांचे फोटो त्याने मागवले आणि तासाभरात फोन केला: “ताई, तुमचे दोन देश दिसतात. साधा अर्ज चालणार नाही, आधी मंजुरी काढावी लागेल.” कार्डाने पैसे गेले.

खरा अर्ज कसा असतो ते सांगते, म्हणजे लबाडी कुठे होती ते कळेल. ज्या पासपोर्टावर प्रवास करायचा त्यावरच अर्ज करायचा. फॉर्ममध्ये विचारतात: नागरिकत्व जन्माने मिळालं की नंतर घेतलं, आधीचं नागरिकत्व कोणतं होतं, दुसरा वैध पासपोर्ट जवळ आहे का. असेल तर त्याचा नंबर आणि देश लिहायचा. दोन पासपोर्टांचा प्रश्न तिथेच, त्याच फीमध्ये मिटतो.

या माणसाने फॉर्मचा कागद भरून आम्हाला पाठवला, त्यात लिहिलं होतं: नागरिकत्व जन्माने, आधीचं नागरिकत्व नाही, दुसरा पासपोर्ट नाही. यजमानांनी लगेच विचारलं, हे खोटं का? तर म्हणाला, “भाऊ, मूळ भारतीय म्हटलं की फाइल अडकते, सगळे असंच भरतात.” ब्रिटिश पासपोर्टावर जन्मगाव छापलेलं असतं. डिचोली लिहिलेला पासपोर्ट हातात घेतल्यावर कुठला अधिकारी फसणार होता? आम्ही दुरुस्त करायला सांगितलं. तो “करतो” म्हणाला.

चार दिवसांनी त्याचा सूर बदलला. ताई-भाऊ गेलं. “तुमचा अर्ज गेलाय, त्यात माहिती लपवलेली सापडली आहे. ब्लॅकलिस्ट व्हाल, आयुष्यात गोव्यात पाय ठेवता येणार नाही. दुरुस्तीचे ६०० पौंड आजच्या आज बँकेतून टाका.” घरी म्हाताऱ्या सासूबाई वाट बघत असताना हे ऐकणं काय असतं, ते परदेशात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. त्या रात्री पैसे पाठवले गेले. खोटं त्याने लिहायचं, मग त्याच खोट्याची भीती घालून आम्हालाच पिळायचं, असा हा धंदा आहे.

पुढे एक पीडीएफ आली, वर राजमुद्रा, खाली ‘मंजूर’. माझ्या भाच्याने भारत सरकारच्या साइटवर, म्हणजे जिचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो तिथे, तो अर्ज क्रमांक टाकून स्थिती पाहिली. असा अर्जच नव्हता. ज्या अर्जापायी आम्ही रात्रभर जागलो, तो कधी भरलेलाच नव्हता.

बँकेला त्याच दिवशी कळवलं. ७ ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमध्ये असा नियम आहे की फसवून करायला लावलेली देशांतर्गत बँक ट्रान्सफर बँकेने भरून द्यायची, काही अपवाद सोडून. खातं इथलंच असल्यामुळे ६०० पौंडांपैकी बँकेने आपले १०० कापून बाकीचे परत दिले. परदेशी खात्यावर पाठवले असते तर हा नियम लागू झाला नसता. कार्डाच्या पैशांचा वाद अजून चालू आहे. दोन्ही पासपोर्टांचे फोटो त्या माणसाकडे आहेत याचा घोर मात्र कुठलीही बँक भरून देत नाही.

जाताजाता त्याने परतीसाठी पोर्तुगीज पासपोर्टावर ब्रिटनचा ईटीए, म्हणजे तिथे येण्याआधी परदेशी नागरिकांनी काढायची ऑनलाइन प्रवास-परवानगी, हीही काढून देऊ केली होती. ब्रिटिश नागरिकाला ईटीए लागत नाही, दुसरा पासपोर्ट दाखवूनही तो मिळत नाही. हेही लक्षात असू द्या.

नंतर आम्ही स्वतः अर्ज केला, प्रत्येक रकान्यात खरं ते लिहून. दोन पासपोर्ट, आधीचं नागरिकत्व भारतीय, जन्म डिचोली. व्हिसा आला. कुणाला सध्या ‘दुरुस्ती’साठी फोन येत असतील, तर पैसे देऊ नका. आधी सरकारी साइटवर तुमचा अर्ज खरंच आहे का ते बघा, त्याचे सगळे मेसेज जपून ठेवा आणि पैसे गेले असतील तर आजच बँकेला फोन करा.