डेल्टा, बिलरोथ टू की रू-एन-वाय? दुर्बिणीतून डिस्टल गॅस्ट्रेक्टॉमी केल्यावर जोडायचं कसं

कर्करोगासाठी जठराचा खालचा भाग काढला (डिस्टल गॅस्ट्रेक्टॉमी) की उरलेलं जठर आतड्याला जोडावं लागतं. हा जोड कुठला घ्यायचा हे शक्यतो सी.टी. बघतानाच ठरवलेलं बरं. जठराभोवतीच्या लसीका ग्रंथी (डी-टू) काढून दमलेल्या हाताने चौथ्या तासाला घेतलेला निर्णय बहुधा सवयीचा असतो, विचाराचा नसतो. सर्जन बिलरोथने व्हिएन्नात 1881 मध्ये जठर थेट ड्युओडेनमला, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागाला, जोडलं (बिलरोथ वन), 1885 मध्ये त्यापुढच्या जेजुनमला (बिलरोथ टू). दुर्बिणीसाठीचा डेल्टा हा त्या पहिल्या पद्धतीचाच स्टेपलरवाला अवतार, जपानच्या कानाया यांनी 2002 मध्ये मांडलेला.

बिलरोथ टू आधी बाजूला काढतो. करायला सोपी आणि झटपट. ट्राइट्झपासून (जेजुनम सुरू होतं ती जागा) 15-20 सें.मी.वरची लूप कोलनच्या (मोठ्या आतड्याच्या) पुढून वर घ्यायची, स्टेपलरचा एक फायर, तो घालायला पाडलेलं भोक टाक्यांनी बंद. पण उरलेलं जठर पित्तात भिजत राहतं. ब्राउनचा जोड, म्हणजे खाली 20-25 सें.मी.वर दोन्ही लूप एकमेकींना जोडणं, हे पित्त कमी करतो, थांबवत नाही. वय खूप, हिमोग्लोबिन कमी, भूलतज्ज्ञ घड्याळाकडे बघतायत, अशा वेळी मात्र हिच्यासारखी दुसरी नाही.

खरी निवड उरते डेल्टा आणि रू-एन-वाय (जेजुनम कापून खालचं टोक जठराला, वरचं टोक खाली जेजुनमलाच जोडणं) यांच्यात.

डेल्टात सगळं ड्युओडेनम कापतानाच ठरतं. पायलोरसच्या (जठराच्या खालच्या तोंडाच्या) खाली साधारण 2 सें.मी. बल्ब, म्हणजे ड्युओडेनमची सुरुवात, मोकळा हवा आणि स्टेपलर मागून पुढे असा लावायला हवा, नेहमीसारखा आडवा नाही. भोकं दोन: ड्युओडेनमच्या स्टेपल रेषेच्या मागच्या कोपऱ्यावर आणि जठराच्या ग्रेटर कर्व्हेचरच्या (मोठ्या वक्र कडेच्या) टोकाला. 45 मि.मी. स्टेपलरचा जाड जबडा आधी जठरात घालून हलका मिटायचा, जठर तसंच ड्युओडेनमपाशी न्यायचं आणि पातळ जबडा ड्युओडेनममध्ये सरकवायचा. उलट केलं तर ड्युओडेनम फाटतं. मागच्या भिंती एकमेकींवर येतील असं ड्युओडेनम वळवायचं आणि जठराच्या स्टेपल रेषेपासून 2 सें.मी. अंतर राखायचं, कमी ठेवलं तर मधली पट्टी रक्ताविना काळी पडते. फायर केल्यावर भोकातून आत डोकावून स्टेपल रेषेतून रक्त येतंय का ते बघायचं. मग तीन टाक्यांवर भोक उचलून स्टेपलरने बंद. या शेवटच्या फायरमध्ये ड्युओडेनमची भिंत जास्त ओढली गेली की जोड अरुंद होतो. डेल्टा बिघडतो तो बहुतेक वेळा इथेच, नाहीतर ताणामुळे. ताणाची परीक्षा साधी आहे: दोन ग्रास्परनी (पकडायच्या चिमट्यांनी) दोन्ही टोकं एकमेकांपाशी आणायची आणि एक सोडून द्यायचा. टोक मागे पळालं तर डेल्टाचा हट्ट सोडावा.

रू-एन-वायमध्ये ताणाची काळजी जवळजवळ नाही. ट्राइट्झपासून 20-25 सें.मी.वर जेजुनम कापायचं, 30 सें.मी.ची लिंब (जठराकडे न्यायची आतड्याची फांदी) कोलनच्या पुढून वर, दोन जोड. जठर पित्तापासून स्वच्छ राहतं, आणि हे नुसतं वाटणं नाही. ओसाकाच्या गटाने 332 रुग्णांवर केलेल्या, 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभराने अन्ननलिकेचा दाह बिलरोथ वनमध्ये 17 टक्के आणि रू-एन-वायमध्ये 6 टक्के, तर उरलेल्या जठराचा दाह 46 आणि 28 टक्के दिसला. वजन मात्र दोन्हीकडे सारखंच घटलं: 9.1 आणि 9.7 टक्के. खर्चातही मोठा फरक पडत नाही. डेल्टाला स्टेपलरची पाच-सहा कार्ट्रिज लागतात. रू-एन-वायची भोकं काटेरी धाग्याने शिवली तर तीही सहात बसते, स्टेपलरने मिटवली तर आठ.

कागदावर पारडं रू-एन-वायकडे झुकतं. माझ्यासाठी ते फिरवलं पीटरसनच्या फटीने.

लिंबची मेसेंटरी (आतड्याला धरणारा, रक्तवाहिन्या असलेला पडदा) आणि ट्रान्सव्हर्स (आडव्या) कोलनची मेसेंटरी यांच्यामधली ही फट दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत जास्त सतावते, कारण पोटात चिकटणं कमी होतं आणि आतडं मोकळं सरकत राहतं. शिवाय रुग्ण बारीक होतो, मेसेंटरीतली चरबी वितळते, आणि ऑपरेशनच्या दिवशी बोटभर वाटलेली फट काही महिन्यांत मूठभर होते. ती शिवायची म्हणजे कोलन वर उचलून धरायचं, लिंब बाजूला सारायची, मुळाशी खोल पहिला टाका घ्यायचा आणि न विरघळणाऱ्या धाग्याने कोलनच्या काठापर्यंत येत जायचं. हे सगळं शेवटच्या अर्ध्या तासात, कॅमेरा धरणाऱ्याचा हात थरथरत असताना. टाके वरवर घेतले तर सुटतात, खोल घेतले तर मेसेंटरीत रक्त साकळतं. जेजुनमच्या जोडापाशी दुसरी फट असते, ती वेगळीच. (अँटीकोलिक, म्हणजे कोलनच्या पुढून घेतलेल्या, बिलरोथ टूमध्येही पीटरसनची फट असते, हे हमखास विसरलं जातं.)

आणि या फटीत आतडं अडकलंच तर ओळखू येत नाही. जेवणानंतर पिळवटून दुखतं, उलटीला नुसते उमाळे येतात, पोट मऊ असतं, साध्या एक्स-रेत फारसं काही दिसत नाही. तालुक्याच्या गावात ॲसिडिटीचं इंजेक्शन मिळतं आणि एक रात्र जाते. सी.टी.त मेसेंटरीच्या रक्तवाहिन्यांचा भोवरा दिसेपर्यंत आतडं काळं पडलेलं असू शकतं. पित्ताच्या जळजळीला गोळी आहे. या भोवऱ्याला पुन्हा शस्त्रक्रियेवाचून इलाज नाही.

डेल्टाची एक जमेची बाजू नंतर कळते. या शस्त्रक्रियेनंतर पित्ताशयात खडे होण्याचं प्रमाण वाढतं. एखादा पित्तनळीत उतरला तर डेल्टात नेहमीचा स्कोप तोंडावाटे थेट पोचतो. रू-एन-वायमध्ये बलून एन्टेरोस्कोप लागतो आणि तो मोठ्या शहरांतही मोजक्याच ठिकाणी आहे.

तरीही डेल्टा सगळ्यांना बसणारा नाही. आपल्याकडे गाठ उशिरा कळते, पायलोरसला टेकलेली असते, आणि मग ड्युओडेनमचे ते 2 सें.मी. मिळतच नाहीत. उरलेलं जठर चतुर्थांशाहून कमी असेल किंवा मुळात हायटस हर्निया (जठर छातीत सरकणं) असेल तर मीही रू-एन-वायच सुचवेन. लिंब आळशी, म्हणजे अन्न पुढे ढकलायला मंद, असू शकते एवढं तेव्हा लक्षात ठेवावं: चौथ्या-पाचव्या दिवशी खाणं सुरू केल्यावर पित्त नसलेली उलटी झाली तर घाईने पुन्हा आत जाऊ नये, नाकातून नळी टाकून थांबावं.

रू-एन-वाय केलीच, तर दोन्ही फटी शिवल्या की नाही ते डिस्चार्ज कार्डावर लिहावं. त्याखाली मराठीत, ठळक अक्षरांत: पोट पिळवटून दुखल्यास आधी सी.टी. काढा, इंजेक्शन नंतर.