स्टील गिटारचा अ‍ॅम्प: नॅशव्हिल, ट्विन, की वेगळं हेड आणि पेटी?

पेडल स्टीलसाठी (तारांवर धातूचा बार सरकवत, पायाच्या पेडलनी सूर बदलत वाजवायची आडवी गिटार) अ‍ॅम्प शोधताना खिसा मर्यादित असेल तर फिरून फिरून तीनच वाटांवर यायला होतं. पहिली वाट पीव्हीच्या नॅशव्हिल ४०० ची किंवा त्याचा धाकटा भाऊ नॅशव्हिल ११२ याची, बहुतेक वेळा वापरलेल्या. दुसरी फेंडरच्या ट्विन रिव्हर्बची, मग तो व्हॉल्व्हवाला (काचेच्या नळ्यांवर चालणारा) असो वा त्याची डिजिटल नक्कल असलेला टोन मास्टर. तिसरी म्हणजे क्लास डीचं (कमी वजनाच्या सर्किटचं) हलकं हेड, म्हणजे स्पीकर नसलेला अ‍ॅम्प, आणि त्याखाली १५ इंची स्पीकरची पेटी. रोलंडचा जेसी-१२० हा चौथा गडी, त्याच्याबद्दल ओघात बोलू. घरी बसून सहा तारांचं लॅप स्टील (मांडीवर ठेवायचं, बिनपेडलचं) वाजवायचं असेल तर यातलं काहीच लागत नाही. कुठलाही बरा २० वॅटचा, आवाज स्वच्छ ठेवणारा अ‍ॅम्प पुरतो.

‘किती वॅट हवेत?’ हे साध्या गिटारवाल्याला विचारून फायदा नाही. त्याला आवाज थोडा फाटलेला चालतो, खरं तर हवाच असतो. स्टीलवाला व्हॉल्यूम पेडल अर्ध्यावर ठेवून तार छेडतो आणि सूर विरत जाईल तसा पाय पुढे दाबत जातो. पाय पुरता पुढे गेलेला असताना पुढची छेड पडली की जो उसळता झटका येतो, तो न फाटता बाहेर काढणं हे अ‍ॅम्पचं खरं काम. त्यात स्टीलच्या पिकअपला तारेचे वेढे जास्त असतात. साध्या गिटारचं सिंगल कॉइल ६ किलोओहमच्या आसपास, तर स्टीलचं १७-१८ किलोओहमपर्यंत सहज जातं. त्यामुळे सिग्नल इनपुटवरच दांडगा येतो.

तरीही नुसत्या आकड्यांना भुलू नका. नॅशव्हिल ४०० चे २०० च्या वर वॅट आणि ११२ चे ८० वॅट कागदावर आभाळ-जमिनीइतके दूर वाटतात. डेसिबलमध्ये तो फरक जेमतेम चार. ९७ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर काढून १०० चा बसवला तर तीन डेसिबल तिथेच भरून निघतात, म्हणजे वॅट दुप्पट केल्यासारखंच. ढोलकी-ड्रमसोबत, माइक न लावता मोकळ्या जागेत वाजवणार असाल तर ४०० चा विचार जरूर करा. एरवी ८० वॅट पुरतात, निदान माझ्या कानाला कमी पडलेले नाहीत.

आता ज्या एका गोष्टीवरून माझा कौल नॅशव्हिलच्या बाजूने पडला, तिच्याकडे येतो. ती म्हणजे गेंगाणेपणा.

स्टीलच्या आवाजात ८०० हर्ट्झच्या आसपास एक गाठ असते. सूर नाकातून आल्यासारखा वाटतो. ई-नाइन (E9) या पेडल स्टीलच्या नेहमीच्या जुळणीत तिसरी तार, म्हणजे ‘जी शार्प’ (G♯) सुराची, मोकळी ४१५ हर्ट्झवर बोलते. बार बाराव्या फ्रेटवर नेला की तीच तार ८३० वर जाते, म्हणजे नेमकी त्या गाठीत. म्हणून वरच्या फ्रेटवर, जिथे स्टीलने गावं अशी अपेक्षा असते, तिथेच ते रडकं आणि टोचरं होतं. ट्रेबल कमी करून हे जात नाही, कारण ती तक्रार ट्रेबलची नाहीच. ट्रेबल उतरवला की सूर गेंगाणा राहतो तो राहतोच, वर घोंगडी पांघरल्यासारखा होतो.

नॅशव्हिलवर यासाठी दोन नॉब आहेत, मिड आणि शिफ्ट. शिफ्ट कुठल्या पट्टीत काम करायचं ते ठरवतो, १५० पासून १५०० हर्ट्झपर्यंत. मिड त्या जागी किती भर घालायची किंवा किती काटायचं ते ठरवतो. वापरायची रीत अशी: बास, ट्रेबल मध्यावर ठेवा, रिव्हर्ब बंद करा, आवाज अगदी लहान करा. मिड पूर्ण उजवीकडे फिरवा. मग दहाव्या ते पंधराव्या फ्रेटदरम्यान तिसरी, चौथी, पाचवी तार सावकाश छेडत शिफ्ट डावीकडून उजवीकडे हळूहळू न्या. एका ठिकाणी आवाज इतका वाईट होईल की हात आपोआप थांबेल. ती तुमच्या गिटारची, तुमच्या पिकअपची गाठ. शिफ्ट तिथेच सोडा आणि मिड मध्याच्या डावीकडे आणा. एकदम टोकाला नेऊ नका, नाहीतर सूर पोकळ होतो. घड्याळात नऊ वाजतात त्या जागेपासून सुरुवात करा आणि दोन्ही बाजूंना थोडं थोडं चाळवून बघा. बहुतेकांचा शिफ्ट शेवटी ८०० च्या अलीकडे-पलीकडेच येऊन थांबतो.

ट्विनमध्ये मिडचा नॉब आहे, पण तो ही गाठ सोडवत नाही. त्याच्या टोन सर्किटमध्ये मुळातच साधारण ४०० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात खड्डा आहे. मिडचा नॉब तो खड्डा खोल-उथळ करतो, त्याची जागा मात्र हलवू शकत नाही. गेंगाणेपणा घालवायला मिड उतरवलात तर मोकळ्या तिसऱ्या तारेचं, म्हणजे ४१५ हर्ट्झचं, अंगच कमी होतं आणि ८०० ची गाठ तशीच मागे राहते. मिड चढवलात तर अंग येतं, गाठही येते. टोन मास्टरनेही या बाबतीत मूळ ट्विनची नक्कल इमानाने केली आहे, म्हणून तिथेही तेच.

‘मग बाहेरून पॅरामेट्रिक इक्वलायझरचा (हवी ती पट्टी निवडून कमी-जास्त करणारा) डबा लावू,’ हा विचार चुकीचा नाही. लावता येतो, पुष्कळजण लावतात. अडचण अशी की ट्विनला इफेक्ट लूप (अ‍ॅम्पच्या आत, टोन सर्किटनंतर डबा जोडायची सोय) नाही, रीइश्यूला (जुन्या ट्विनची नव्याने काढलेली आवृत्ती) नाही आणि टोन मास्टरलाही नाही. म्हणजे डबा इनपुटच्या आधीच बसवावा लागतो, जिथे स्टीलचा दांडगा सिग्नल थेट आदळतो. ९ व्होल्टवर चालणारा साधा डबा छेडीच्या झटक्याला तिथेच फाटू शकतो, आणि अ‍ॅम्प कितीही स्वच्छ असला तरी फाटलेलं आत गेलं की फाटलेलंच बाहेर येणार. शिवाय आणखी एक अडॅप्टर, आणखी एक गुणगुण. जेसी-१२० ला लूप आहे, तो डबा तिथे नीट बसतो. पण त्याचा स्वभाव मुळात उजळ आणि मागे एक बारीक सळसळ कायम चालू असते. त्याच्या कोरसच्या (आवाज दुहेरी, लहरता करणाऱ्या इफेक्टच्या) मोहात पडला असाल तर तो घ्या. स्टीलला तो तितकासा मानवत नाही, असं माझं मत.

ट्विनची आणखी एक खोच, कारण ती फारशी कुणी सांगत नाही. सिग्नल जास्त येतोय म्हणून लोक दुसऱ्या इनपुटमध्ये केबल घालतात. तिथे आवाज ६ डेसिबलने उतरतो हे खरं, पण इनपुटचा रोध १ मेगओहमवरून १३६ किलोओहमवर येतो. ५०० किलोओहमचं पॉट (फिरता रोध) असलेलं व्हॉल्यूम पेडल मध्यावर असताना स्वतःच सव्वाशे किलोओहमपर्यंतचा अडसर होतं. दोन्ही एकत्र आले की सिग्नल निम्म्याहून खाली जातो आणि पिकअपवरचा भार वाढून वरचा चमचमाटही मरतो. तेव्हा पहिलंच इनपुट वापरा आणि व्हॉल्यूम नॉब खाली ठेवा. पेडल ते अ‍ॅम्प ही केबल शक्य तितकी आखूड असू द्या. हे कुठल्याही अ‍ॅम्पला लागू आहे, कारण अर्धवट दाबलेल्या पेडलनंतर केबलचा प्रत्येक मीटर थोडी थोडी चमक खातो.

ट्विनवर अन्याय नको म्हणून सांगतो, बरा व्हॉल्व्हवाला ट्विन आणि त्याचा स्प्रिंग रिव्हर्ब यांची जोडी मंद चालीच्या गाण्यात जे करते ते दुसरं कुणी करत नाही. खालच्या फ्रेटवर तर तो अप्रतिम आहे. पण २९ किलो वजन, चार ६एल६ व्हॉल्व्ह आणि ते बदलायची वेळ आली की जुळवलेला संच आणि बायस (व्हॉल्व्हमधल्या प्रवाहाची पातळी) लावून घेण्याचा खर्च. घेतानाची किंमत कमी मिळाली तरी हा अ‍ॅम्प सांभाळणं स्वस्त नाही. टोन मास्टर १५ किलोचा, व्हॉल्व्हचं झंझट नाही, मागे आउटपुट १ वॅटपर्यंत उतरवायची सोय, त्यामुळे रात्रीच्या सरावाला सुखाचा. वजन हीच तुमची मुख्य तक्रार असेल आणि ८०० ची गाठ तुम्हाला खुपत नसेल तर तो माझ्या यादीत दुसरा.

हेड आणि पेटी हा मार्ग हिशेबी माणसाला आवडेल. दोन-तीन किलोचं हेड खांद्यावरच्या पिशवीत मावतं. गिटारसाठी बनवलेल्या अनेक हेडमध्ये मिड ठरलेल्या जागीच असतो, म्हणजे पुन्हा तेच दुखणं. उलट बास गिटारच्या कितीतरी हेडना मिडची जागा सरकवता येते, म्हणून ती स्टीलला अनपेक्षितपणे चांगली लागतात. रिव्हर्ब मात्र नसतो, तो वेगळा घेऊन लूपमध्ये लावायचा. पेटीत ट्वीटर असेल तर तो बंद करा, नाहीतर बारची घासण कानात सुया टोचल्यासारखी ऐकू येते. स्पीकरमध्ये एमिनन्सचा ईपीएस-१५सी खास पेडल स्टीलसाठी काढलेला आहे. हेडवर लिहिलेले वॅट बहुधा ४ ओहमचे असतात. ८ ओहमची पेटी जोडली तर साठ टक्क्यांच्या आसपासच हाती येतात, तेव्हा २०० चं हेड घेऊन १२० मिळाले म्हणून रागवू नका. आणि हेड, पेटी, रिव्हर्ब असे तीन खर्च एकत्र मांडून बघा. स्वस्त वाटणारा हा पर्याय बेरजेत बऱ्याचदा स्वस्त राहत नाही. बिघडलं तर बोर्ड बदलण्यावाचून फारसा इलाज नसतो, हेही धरा.

सी-सिक्स (C6) ही खालच्या सुरांची दुसरी जुळणी वाजवणाऱ्यांनी मात्र या वाटेकडे नीट बघावं. तिथली दहावी तार ६५ हर्ट्झपर्यंत खाली जाते आणि नॅशव्हिल ११२ चा १२ इंची स्पीकर तेवढ्या खोलीवर थोडा गुबगुबतो. जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवला आणि बास नॉब मध्याच्या बराच खाली आणला की सावरतं, पण १५ इंचीची ऐट येत नाही. नॅशव्हिल ४०० ला ती अडचण नाही, त्याचा १५ इंची ब्लॅक विडो स्पीकर ही तार खालून नीट उचलून धरतो. पण तो ट्विनइतकाच जड आहे. ई-नाइनच वाजवणार असाल तर ११२ चं वजन आणि आकार बघता मला तरी पुढे शोधत राहण्यात अर्थ वाटत नाही.

वापरलेला घेताना स्वतःची गिटार, स्वतःचं व्हॉल्यूम पेडल आणि एक हातभर लांबीची केबल बरोबर न्या. अ‍ॅम्प चालू करून दहा-पंधरा मिनिटं नुसता राहू द्या. काही जोडलेलं नसताना व्हॉल्यूम शून्यावर ठेवूनही जाड गुणगुण असेल तर पॉवर सप्लायचे कपॅसिटर सुकलेत. नॅशव्हिल ४०० च्या वयाला ते साहजिक आहे, तेवढा खर्च किमतीतून वजा करा. नॉब खरखरत असतील तर क्लीनरने भागतं. नॉब किंवा जॅक हलवल्यावर आवाज येतो-जातो असं होत असेल तर बोर्डावरचं सोल्डरिंग तडकलंय, तेही दुरुस्त होतं. रिव्हर्ब येत नसेल तर आधी रिव्हर्बच्या टाकीच्या (स्प्रिंगच्या डब्याच्या) दोन केबल निघाल्यात का बघा. स्पीकरच्या कोनवर दोन्ही हातांची बोटं समान टेकवून हलकेच आत दाबा, घासल्याचा आवाज आला तर कॉइल अडतेय. ब्लॅक विडोत कोनसकट सांगाडा मॅग्नेटवरून स्क्रूने सुटतो आणि बदलता येतो, म्हणून तिथे तो दोष जीवघेणा नाही. व्हॉल्व्हवाल्या ट्विनचे व्हॉल्व्ह पेन्सिलीने अलगद टिचकवा, स्पीकरमधून टण्‌ असा प्रतिध्वनी आला तर तो व्हॉल्व्ह गेला. मागचा भाग उघडून आत हात मात्र घालू नका. प्लग काढल्यानंतरही चारशेच्या वर व्होल्ट कपॅसिटरमध्ये बसलेले असतात. स्पीकर न जोडता तो चालूही करू नका.

आता त्या आखूड केबलचं काम. नॅशव्हिलच्या पॅच जॅकमध्ये (बाहेरचा डबा जोडायच्या आउट-इन भोकांत) काहीच घातलेलं नसताना सिग्नल जॅकच्या आतल्या पातळ पट्ट्यांतून जातो. वर्षानुवर्षं न वापरलेल्या त्या पट्ट्यांवर काळपट थर चढतो आणि आवाज मधेच बसतो, बारीक होतो, छेड जोरात मारली की परत येतो. विकणाऱ्याला वाटतं अ‍ॅम्पच चालला. पॅचच्या आउटमधून इनमध्ये ती केबल लावा. आवाज लगेच भरून आला तर दोष फक्त पट्ट्यांचा आहे. जॅकमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्लग वीस-तीस वेळा आत-बाहेर केला की काम होतं. तेव्हा ‘मधेच आवाज जातो’ म्हणून स्वस्तात निघालेल्या नॅशव्हिलकडे पाठ फिरवण्याआधी ती केबल एकदा लावून बघा.