चेहरा वाचायला लावणाऱ्या गेमची उलटतपासणी

मी नागपूरच्या कोर्टात लघुलेखक आहे. एकोणीस वर्षं झाली, साक्षीदार बोलतो आणि मी टाइप करते. त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत पोरानं ‘एल. ए. न्वार’ लावून दिला तेव्हा वाटलं, चला, हा आपल्याच घरचा विषय.

गेम तसा जुना. २०११ चा, प्लेस्टेशन ४ साठी २०१७ मध्ये पुन्हा काढलेला. सीताबर्डीतून साडेसातशेला वापरलेली डिस्क आणली. डबी क्रिकेटच्या गेमची निघाली, पण डिस्क बरोबर होती. लॉस एंजेलिस शहर, साल १९४७. आपण कोल फेल्प्स, युद्धावरून परतलेला पोलीस. गस्तीपासून सुरुवात, मग वाहतूक, खून, अनैतिक धंदे, जाळपोळ अशी एकेका विभागात बदली.

वाहतूक विभागातली पहिलीच केस बघा. रस्त्याकडेला सोडून दिलेली गाडी, आत रक्तच रक्त, माणूस गायब. आसपास चष्मा, पाकीट, एक लोखंडी पाइप. आणि गाडीत जिवंत डुक्कर विकत घेतल्याची पावती! ती पावती हातात घेऊन मी पाच मिनिटं फिरवत बसले होते. पुढचं सांगत नाही, पण नवऱ्यांवर माझा विश्वास आणखी थोडा कमी झाला. मुद्द्याच्या वस्तूजवळ गेलं की हातातलं बटणांचं पॅड थरथरतं, हलकी धून वाजते. फेल्प्ससाहेब मात्र प्रत्येक वस्तू उघड्या हातानं उचलतात. ना हातमोजे, ना पंच, ना लाखेचं सील. असा मुद्देमाल आमच्या कोर्टात आणला असता तर बचावाच्या वकिलानं अर्ध्या तासात त्याचा चिवडा केला असता.

खरी मजा जबाब घेण्यात. या गेमसाठी नटांचे चेहरे बत्तीस कॅमेऱ्यांनी चहूबाजूंनी टिपले होते. समोरचा बोलतो, तुम्ही त्याच्याकडे बघायचं आणि ठरवायचं: सबुरीनं घ्यायचं, दरडावायचं की खोटं बोलतोस म्हणून थेट आरोप करायचा. आरोप केला तर पुरावाही दाखवावा लागतो. कल्पना झकास आहे, आणि माझं भांडणही तिच्याशीच आहे.

गेममधला खोटारडा कसा ओळखायचा? तो नजर चोरतो, ओठ आवळतो, आवंढा गिळतो. मी रोज जे बघते ते याच्या उलट. पहिल्यांदाच पिंजऱ्यात उभी राहिलेली खरी बाई पदर पिळते, पाणी मागते, तारीख विसरते, न्यायाधीशसाहेबांकडे बघतच नाही. आणि पढवून आणलेला साक्षीदार? चार वर्षांपूर्वीच्या रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी आरोपीच्या अंगात कोणत्या रंगाचा शर्ट होता, हे तो न अडखळता सांगतो. सरतपासात, म्हणजे स्वतःच्या बाजूचा वकील प्रश्न विचारतो तेव्हा, अशी घडीची इस्त्री दिसली की माझी बोटं आपोआप सावध होतात, उलटतपासात कुठेतरी सुरकुती पडणार म्हणून. हा हिशेब गेममध्ये लावला आणि एका जबाबात पाचपैकी चार प्रश्न चुकले. पोरगा म्हणे, “आई, तू गेम खेळून राहिली का कोर्टात बसून राहिली?”

दरडावण्याचं बटणही जरा जपूनच दाबा. तुमच्या मनात नुसती शंका असते, आणि फेल्प्ससाहेब एकदम नवरा गमावलेल्या बाईवर ओरडतात. मी तर कूलरच्या घरघरीतही दचकले. शिवाय आपल्याकडे पोलिसासमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही; आधी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, आता साक्ष अधिनियमाचं २३. इथे मात्र कबुली मिळाली की केस बंद, खटल्याचं नावच नाही. मी टाइप करते तो सगळा भाग यांनी कापून टाकलाय म्हणा ना.

पण एका ठिकाणी गेमनं मला गप्प केलं. खून विभागात एक केस अशी येते की कोठडीत दोन संशयित, एक मेलेल्या बाईचा नवरा आणि दुसरा आधीच बदनाम असलेला इसम. कॅप्टनला दुसराच हवा असतो. त्याच्यावर आरोप ठेवला तर पाच तारे मिळतात, नवऱ्यावर ठेवला तर बोलणी. मी दोन्ही करून पाहिलं. पाच तारे मिळाले तेव्हा पॅड खाली ठेवलं आणि उठून कूलरमध्ये पाणी भरलं. ‘निर्दोष मुक्तता’ हे शब्द मी कितीदा टाइप केलेत, आणि तोवर त्या माणसाची किती वर्षं आत गेलेली असतात, ते आठवत होतं.

गाडी चालवायचा कंटाळा आला तर बटण दाबून धरा, जोडीदार चालवतो. गोळीबारात दोन-चारदा मेलात तर तो भाग सोडून पुढे जायची सोय आहे; मी ती निर्लज्जपणे वापरली. शहर दिसायला देखणं, पण केस सोडून करण्यासारखं त्यात फारसं काही नाही. इंग्रजी जुन्या वळणाचं, तेव्हा खाली अक्षरं चालू ठेवा. चित्र कृष्णधवल करायची सोयही आहे, रात्री दिवा बंद करून तसंच खेळा.

साडेसातशे रुपये वसूल झाले. सध्या जाळपोळ विभागात अडकले आहे, आणि सोमवारी कोर्ट उघडतंय.